प्रश्न कुणाच्या भाषेत?

‘उदास’ हा शब्द मराठीत सगळ्यांना कळतो. पण ‘मला उदास वाटतं’ असं आपणहून म्हणणारी माणसं थोडी. धारवाडच्या मराठी घरातल्या आजी म्हणतील, ‘कशात जीव लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘घास उतरत नाही’. या आजींसमोर आता नैराश्याची छापील प्रश्नावली ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, की जवळजवळ रोज? आजी सुनेकडे बघतात. दुखण्याचा असा दिवसवार हिशेब त्यांनी कधी ठेवलेला नसतो. तरीही चारांपैकी एका चौकोनात खूण पडते आणि तिचा आकडा होतो. त्या आकड्यात आजी किती आणि प्रश्न किती? मानसशास्त्राला हा सवाल पडायला वेळ लागला, आणि तो कसा पडत गेला हे समजून घेण्यासारखं आहे.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना लांबलचक प्रश्नावल्या पाठवल्या. १८८० मध्ये त्यांनी एका साध्या प्रश्नाची उत्तरं प्रसिद्ध केली: आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, मनातलं चित्र स्पष्ट आहे की अंधूक? अनेक विद्वानांनी उत्तर दिलं की मनात चित्र वगैरे काही दिसतच नाही. ‘मनःचक्षू’ हा तर बोलण्यातला अलंकार! तोच शब्द दुसऱ्या कुणाला रंगांसकट दिसणारा अनुभव होता. प्रश्नातला शब्द सगळ्यांना सारखाच पोचतो ही समजूत पहिल्याच मोठ्या प्रयोगात डळमळली होती. तिच्याकडे लक्ष मात्र नंतर गेलं. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे ११६ प्रश्न तयार केले. १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्ट यांनी ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची शिडी दिली. मन मोजता येतं हा विश्वास तेव्हा ऐन भरात होता.

याच काळात आपल्या धारवाडकडे यायला हवं. गाव तेव्हा मुंबई इलाख्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी हा इथला रोजचा व्यवहार. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत, ते याच गावात. इथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीला इथल्या मुलांसाठी नवं रूप दिलं, आणि तेही कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी. त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये आला, ग्रंथ १९४० मध्ये. बिने-कामत कसोटी हे नाव मानसशास्त्राचे आपले विद्यार्थी आजही शिकतात.

बुद्धिमापनात उत्तर बरोबर किंवा चूक असतं. प्रश्नावलीत ते ज्याचं त्याचं असतं. पण शब्दाची अडचण दोन्हीकडे एकच. बिने कसोटीच्या टर्मन यांनी केलेल्या १९१६ च्या अमेरिकन आवृत्तीत सहा वर्षांच्या मुलाला तिथली चार नाणी ओळखायची होती. रुपये, आणे, पै ओळखणाऱ्या धारवाडच्या मुलाला ती ओळखता आली नाहीत, तर कमी काय ठरणार, त्याची बुद्धी की त्याच्या खिशातली अमेरिका? एका भाषेच्या गावात ही गोष्ट झाकून राहू शकते. जिथे एकाच आळीत दोन मुलं दोन भाषांत विचार करतात, तिथे एकाच प्रश्नाला दोनदा जन्म द्यावा लागतो, आणि दुसऱ्या जन्मात तो तसाच राहिला का, हे पडताळावं लागतं. कामतांच्या कामाचं मोल मला इथे वाटतं. मुलाची परीक्षा घेण्याआधी त्यांनी परीक्षेची परीक्षा घेतली.

त्याच १९३४ साली अमेरिकेत रिचर्ड लापियर यांचा निबंध आला. एका चिनी जोडप्यासोबत ते देशभर हिंडले. २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर या ठिकाणांना पत्रानं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. कागदावरचा माणूस आणि दारातला माणूस वेगळे निघाले.

पुढे शंका वाढत गेल्या. क्रॉनबाक यांनी १९४६ मध्ये दाखवलं की काही माणसं प्रश्न कोणताही असो, ‘होय’कडेच झुकतात. क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये चांगलं दिसण्याची ओढ मोजणारी प्रश्नावलीच बनवली. आपल्याकडे या ‘होय’मध्ये रीतही मिसळलेली असते, दारात आलेल्या शिकलेल्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं, असा संकोच असतो. १९७० मध्ये ब्रिस्लिन यांनी उलट भाषांतराची पद्धत मांडली: इंग्रजीतून मराठीत आणलेला प्रश्न दुसऱ्या माणसानं पुन्हा इंग्रजीत न्यायचा, आणि दोन्ही ताडून पाहायचे.

पद्धत चांगली आहे, पण ‘उदास’ हा शब्द त्या चाचणीत सहज पास होतो. तो इंग्रजीत जातो आणि तोच अर्थ घेऊन परत येतो. फक्त आजींच्या तोंडात तो नसतो. भाषांतर दोन कोशांमध्ये जुळतं, घरात जुळेलच असं नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्नावलीची ही दीडशे वर्षं म्हणजे विचारणाऱ्यानं स्वतःच्या प्रश्नावर शंका घ्यायला शिकण्याची वर्षं आहेत. आकडे हवेतच, हजारो माणसांचं दुःख एकेकाच्या गोष्टीतून मोजता येत नाही, आणि मोजलं नाही तर त्यावर उपचारांची सोयही होत नाही. पण आकड्याआधी एक बैठक हवी. प्रश्न आजींना वाचून दाखवावा आणि विचारावं, ‘आजी, हेच तुम्ही शेजारणीला कसं विचाराल?’ त्या थोडा वेळ थांबतील. मग म्हणतील, ‘मी विचारीन, बाई, जेवलीस का गं नीट?’

तो प्रश्न वहीत लिहून घ्यावा. प्रश्नावली तिथून सुरू व्हावी.