मुदत संपलेले ऋण

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ज्याने ती केली, त्याच्या डोळ्यांसमोर हौसेने दावे लावणारा माणूस असावा. आपण मात्र ती दावा अंगावर आलेल्या माणसालाही लावून मोकळे झालो. आमच्या जोयडा तालुक्यात घरात बोली मराठी नाहीतर कोंकणी आणि सरकारी कागद कन्नडात. समन्स आले की ते पंचांगाच्या घडीत ठेवायचे आणि तारखेला शेतावर जायचे, अशी पुष्कळांची रीत. मग एकतर्फी हुकूमनामा होतो आणि गृहस्थ कपाळाला हात लावतो. लेखी वचनचिठ्ठीवरचा दावा संक्षिप्त पद्धतीने लावलेला असेल, तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. दहा दिवस म्हणजे भाताच्या कापणीत कसे जातात ते कळतही नाही. असे कागद वाचून घ्यायला पालक शाळेत येतात. मुख्याध्यापकाच्या कामांच्या यादीत हे काम कुठे लिहिलेले नाही, पण ते असते.

असेच एक गृहस्थ मध्यंतरी आले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, दीड-दोन एकरांचे धनी. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी एका व्यापाऱ्याकडून त्यांनी तीस हजार रुपये घेतले होते. तारण काही नाही, एक चिठ्ठी आणि तिच्यावर सही. व्याज महिना दोन टक्के. पहिली तीन वर्षे सुगीला थोडे थोडे करून अठरा हजार दिले, त्याची पावती नाही. पुढे व्यापारी वारले, मुलांना कपाटात चिठ्ठी सापडली आणि त्यांनी दावा लावला. मुद्दल तीस हजार आणि नऊ वर्षांचे व्याज चौसष्ट हजार आठशे. दिलेल्या अठरा हजारांचा उल्लेखच नाही.

“सर, वकील म्हणतात, मुदत संपली एवढं सांगितलं की दावा उडतो,” ते म्हणाले. “पण पैसे तर मी घेतले होते. मग असं म्हणणं पाप नव्हे का?”

हा प्रश्न मला सोडवेना. ज्याला घेतलेले बुडवायचे असते तो असे विचारायला येत नाही, तो सरळ वकिलाकडे जातो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा हातउसन्या रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत उलटल्यावर आलेला दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीशाने फेटाळलाच पाहिजे, असे त्याच कायद्याचे तिसरे कलम सांगते. म्हणजे हा मुद्दा ही काही वकिलाने शोधून काढलेली पळवाट नव्हे. त्यामागे साधे शहाणपण आहे. साक्षीदार मरतात, पावत्या वाळवी खाते, आणि घेतलेले सिद्ध करण्यापेक्षा फेडलेले सिद्ध करणे काळ जाईल तसे अवघड होते. आमच्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि माणसे रामनगरला वसली. अशा स्थलांतरात कोणाचे कोणते कागद कुठे राहिले, हे आता कोण सांगणार?

या तीन वर्षांना मोठा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तो एका दुसऱ्या सुप्याशी जोडलेला आहे. १८५९ साली सरकारने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली. व्याजावर व्याज चढून कुणब्याचा जीव जाऊ नये हा हेतू. सावकारांनी तो कायदाच उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी ते कुळाला बोलावीत, थकलेले व्याज मुद्दलात मिळवीत आणि नव्या रोख्यावर अंगठा घेत. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. नंतर १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे खरा व्यवहार काय होता, हे पाहण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली काही वर्षे खास न्यायाधीश म्हणून काम केले. जाळपोळीचे समर्थन मी करीत नाही. पण दाव्याला मुदत असावी ही मागणी लबाडांची नव्हे, हे एवढ्यावरून दिसावे.

तरीही त्या गृहस्थांचा प्रश्न उरतोच. कारण मुदत संपल्याने दाव्याचा हक्क जातो, ऋण जात नाही. हे नुसते कीर्तनकाराचे सांगणे नव्हे, कायदाही तेच मानतो. मुदतीनंतर कोणी आपणहून पैसे दिले, तर ते ‘देणे लागत नव्हतो’ म्हणून परत मागता येत नाहीत. आणि १८७२ च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन लेखी, सहीनिशी दिले तर ते पुन्हा बंधनकारक होते. (म्हणूनच वसुलीला आलेला माणूस ‘नुसती सही करा’ म्हणून कागद पुढे करतो, तेव्हा तो वाचल्याशिवाय सही करू नये.)

देशबंधू चित्तरंजन दास यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १९०६ साली वडिलांबरोबर त्यांनाही दिवाळखोरी पत्करावी लागली. वकिलीत यश आल्यावर १९१३ साली त्यांनी ती सारी कर्जे फेडली. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन उरले नव्हते. मात्र दासबाबूंचा दाखला दीड एकरवाल्याच्या तोंडावर फेकणे मला पटत नाही. नावाजलेल्या बॅरिस्टराची मिळकत निराळी आणि पावसावर पिकणारे भात निराळे.

मी त्यांना जे सांगितले ते असे. कोर्टात अवश्य जा, आणि ‘पैसे घेतलेच नाहीत’ असे मात्र म्हणू नका. कैफियत शपथेवर द्यायची असते, तिथे ते खोटे ठरेल आणि तुमच्या तोंडात ते शोभणारही नाही. घेतले ते सांगा, फेडले तेही सांगा आणि मुदत गेली हेही सांगा. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग कोर्टाबाहेर स्वतःपुरता हिशेब मांडा. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. आपला उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, त्या मुंबई इलाख्यातील हिंदूंच्या व्यवहारांत कोर्टेही तो मानीत. त्या मापाने पाहिले तरी चौसष्ट हजारांचे व्याज बसत नाही. दिलेले अठरा हजार मुद्दलात धरले, तर बारा हजार उरतात. ते व्यापाऱ्याच्या मुलांना, जमेल तसे, पावती घेऊन द्या. व्याज किती द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

“मग मुदतीचा मुद्दा कशाला मांडायचा?” त्यांनी विचारले. त्याचे उत्तर सोपे आहे. कोर्ट ठरवणार ते चौऱ्याण्णव हजार आठशेंचे. ते देणे तुमचे नाहीच. तुमचे देणे त्या आकड्याखाली दडपले जाऊ नये म्हणून तो मांडायचा.

ऋणकोची बाजू एवढी मांडल्यावर धनकोचेही पाहिले पाहिजे, कारण ही तीन वर्षे व्याजबट्टा करणाऱ्याला आणि पदरचे चार पैसे शेजारणीला देणाऱ्या विधवेला सारखीच लागू होतात. माणूस पाहून मुदत कमीजास्त करणे कायद्याला जमत नाही. ते काम घेणाऱ्यावर पडते. तुकोबांबद्दल सांगतात की, त्यांनी घरच्या सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडले, पण सगळे नव्हे. धाकट्या भावाच्या वाटणीचे अर्धे त्यांनी त्याला काढून दिले आणि आपले तेवढे बुडवले. मला या कथेतला तो अर्धा भाग फार मोठा वाटतो. सोडायचे ते आपल्या वाटणीतले. भावाचे येणे बुडवून उदार होण्याचा अधिकार तुकोबांनीसुद्धा घेतला नाही, मग घेणाऱ्याने देणाऱ्याच्या वतीने तो कसा घ्यावा?

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी भाच्याला दुकानासाठी वीस हजार दिले होते, चिठ्ठीशिवाय. मागायचा संकोच, म्हणून पाच वर्षे गेली. मुदत केव्हाच टळली होती. भाच्याने गेल्या गणपतीत स्वतः कागद आणला, रक्कम आणि हप्ते लिहिले, सही केली आणि मामीच्या हातात ठेवला. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.