मुठेखालची वाट

सावकाश बसा. पाठ ताठ असू द्या, खांदे सैल. श्वास आपल्या लयीत येऊ-जाऊ द्या. आणि मनाने पुण्याला, शिवाजीनगरच्या कोर्टाजवळ या.

इथे पूर्वी सरकारी धान्य गोदामे होती. आता मेट्रोचे स्थानक आहे. पाटीवर ‘जिल्हा न्यायालय’ लिहिलेले असले तरी पुणेकरांच्या तोंडी ते सिव्हिल कोर्टच. वनाजहून रामवाडीला जाणारी गाडी इथे उंच पुलावरून जाते. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी गाडी जमिनीच्या पोटातून जाते. दोन्ही वाटा एकाच जागी येतात आणि एकमेकींना अडवत नाहीत. गाडी बदलणारी माणसे सरकत्या जिन्यांनी वरची खाली, खालची वर होतात.

अशाच एका जिन्यावर उभे राहा. तुम्हाला चालायचे नाही, फक्त उतरत राहायचे आहे. एक जिना संपतो, दुसरा सुरू होतो, मग आणखी एक. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे. म्हणजे दहा मजली इमारत इथे सहज उभी मावेल. इतके खाली जाताना मनात थोडी धाकधूक होते का? झाली तर होऊ द्या. तिच्याशी भांडू नका.

फलाटावर पोहोचलात की मान वर करा. स्थानकाच्या छताची रचना अशी केली आहे की सूर्यप्रकाश थेट इथवर पोहोचतो. दिव्यांच्या उजेडातून तो वेगळा ओळखता येतो का, पाहा. ढग सरकला की तो मंदावतो, पुन्हा उजळतो. त्या बदलावर थोडा वेळ नजर ठेवा. घाई नाही.

आता लक्ष भिंतीपलीकडे न्या. तिथे काळा पाषाण आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, एकावर एक साचले आणि थंड झाले. आपण घर बांधतो, शेत नांगरतो, भांडतो, सण साजरे करतो, ते सगळे याच खडकाच्या आधारावर. त्याचा भक्कमपणा पायांच्या तळव्यांना जाणवू द्या.

मग स्वतःला विचारा: ही वाट इतकी खाली का आणली असेल?

उत्तर स्थानकाच्या पुढेच आहे. फलाट सोडला की बोगदे मुठेच्या पात्राखालून जातात, आणि नदीच्या पलीकडे जुन्या पेठा सुरू होतात. कसबा पेठ, मंडई, मग स्वारगेट. वर अरुंद बोळ, वाडे, देवळे, दुकाने, पिढ्यान्‌पिढ्या नांदती घरे. यातले शक्य तितके न हलवता जायचे, तर वाटेनेच खाली जायला हवे होते. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना नावे दिली होती पुण्याच्या नद्यांचीच: मुठा, मुळा, पवना. यंत्र खडक कापत पुढे सरके आणि मागे काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचे एकेक कडे जोडले जाई. वरच्या जुन्या इमारतींवर उपकरणे लावून जमीन खचते का, हे पाहिले जाई. डिसेंबर 2016 मध्ये मेट्रोचे भूमिपूजन झाले. भुयारे खणून पूर्ण व्हायला जून 2022 उजाडला. 2023 च्या ऑगस्टमध्ये हे स्थानक खुले झाले, आणि स्वारगेटपर्यंत गाडी जायला 2024 चा सप्टेंबर सरत आला. खाली जाऊन वाट काढायची, तर वेळ लागतोच.

ही रीत या शहराला नवी नाही. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी मार्गाने पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. पाणी केवळ उताराने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी, गाळ काढण्यासाठी उच्छ्वास बांधले होते. वर बाजार भरे, मुले खेळत, आणि खालून पाणी मुकाट्याने हौदांकडे जाई. ते मार्ग खोदणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. मेट्रोच्या भुयारात पाळ्यांमागून पाळ्या उभे राहिलेल्या कामगारांचीही नाहीत. क्षणभर त्या सगळ्या हातांची आठवण करा. मनात कृतज्ञता आली तर ती श्वासाबरोबर राहू द्या.

आता हाच विचार आपल्या जगण्याला लावा. आपण कुठेतरी निघालेले असतो आणि मध्ये कुणाचे तरी वाहते पात्र येते. आईवडिलांच्या सवयी, जोडीदाराचे दुःख, शेजाऱ्याचे जुने घर. आपण बरोबर आहोत, एवढ्यावरून सगळे हलवत जायचा मोह होतो. असा एखादा माणूस, एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. त्याला काय वाटत असेल, हे त्याच्या बाजूने पाहा. जरा थांबा.

खाली जाणे म्हणजे हार मानणे असे आपण धरून चालतो. पण मुठेखालून जाणारी गाडी स्वारगेटला पोहोचतेच. पोहोचायचे ठिकाण तिने सोडलेले नाही, फक्त वाटेची पातळी बदलली आहे. नमते घेतल्याने तुमचे म्हणणे कमी होत नाही. समोरच्याचे जगणे तेवढे शाबूत राहते.

एक दीर्घ श्वास घ्या आणि डोळे उघडा. ज्याची आठवण आली, त्याच्याशी आज बोला. म्हणणे सोडू नका, मात्र ते मांडण्याआधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या.