गरिबाची मेंढी आणि अंतराळाची सहल



मनुष्याने केवळ करमणुकीसाठी अंतराळात जावे, हे योग्य आहे काय? हा प्रश्न आपल्या गावापासून फार दूरचा वाटेल. परंतु परमेश्वराने आकाश सर्वांवर सारखेच पसरिले आहे, म्हणून तो आपलाही आहे.

२००१ साली डेनिस टीटो नामक अमेरिकन धनिक स्वतःच्या पैशाने रशियन यानातून अंतराळस्थानकावर जाऊन आले. २०२१ साली दोन कंपन्यांचे संस्थापक आपापल्या यानांतून वर गेले. पैकी एका कंपनीने त्याच वर्षी तिकिटाचे मोल ४,५०,००० डॉलर ठरविले. वजनरहित होण्याचे सुख मात्र काही मिनिटांचेच!

आपल्या चुलीचा धूर बाहेर गेला, तर त्यातील काजळी पावसाने धुऊन निघते. परंतु रॉकेलच्या किंवा रबराच्या जातीचे इंधन जाळणारे अग्निबाण इतक्या उंचीवर काजळी सोडितात की, तेथे पाऊस पोहोचत नाही. ती तेथे काही वर्षे तरंगत राहून सूर्याची उष्णता शोषिते. अशी काजळी हवा तापविण्यात भूमीजवळच्या काजळीहून सुमारे ५०० पट प्रबळ ठरते, असे ब्रिटिश व अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखविले.

कोणी म्हणेल, अशा सहली थोड्याच आहेत, आणि हायड्रोजन जाळणाऱ्या यानातून मुख्यत्वे वाफच निघते. हे खरे आहे. तथापि चाल रूढ होण्यापूर्वीच तिचा न्याय करणे सोपे असते.

नाथान संदेष्ट्याने दाविदास सांगितलेला दाखला आठवा. श्रीमंताजवळ मेंढरे पुष्कळ होती. तरी पाहुण्यासाठी त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली. पाहुणचार करणे हे पाप नव्हते. तो दुसऱ्याच्या मेंढीने केला, हे पाप होते. तसेच वर जाणे हे पाप नव्हे. परंतु धनवानाने आपल्या सुखाचे मोल आपल्याच थैलीतून पुरते द्यावे. ज्याचे पोट पावसावर आहे, त्या कुणब्याच्या आकाशातून नव्हे.

मात्र बंधूंनो, दावीद त्या श्रीमंतावर संतापला, तेव्हा त्यास स्वतःचाच दोष दाखविण्यात आला. म्हणून दूरच्या धनिकास बोल लाविण्यापूर्वी, गावच्या सामाईक विहिरीत आपण काय टाकितो आणि गायरानातून काय उचलितो, हे प्रत्येकाने प्रभूसमोर तपासून पाहावे.