पुढाऱ्याने पवारणा करावी



आपल्यापैकी अनेकांच्या हाती आज लहान-मोठे पुढारीपण आले आहे. कोणी विहार समितीचा अध्यक्ष आहे, कोणी मंडळाचा चिटणीस, कोणी महिला मंडळाची प्रमुख. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो निदान आपल्या घरातला कर्ता आहे. या प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. माणसांना पुढे नेण्याची माझी रीत कोणती? मी त्यांना वाट दाखवतो, की हाकलतो?

प्रश्न सोपा वाटतो आणि उत्तरही प्रत्येकाजवळ तयार असते. “मी सर्वांना बरोबर घेऊन चालतो,” असे प्रत्येक पुढारी म्हणतो. पण हे उत्तर देण्याचा अधिकार त्याचा आहे काय? माझे म्हणणे असे की, हे उत्तर पुढाऱ्याजवळ नसतेच. ते त्याच्या मागून चालणाऱ्यांजवळ असते. ते त्यांच्याकडून मागून घेण्याची रीत तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिली आहे. तिचे नाव पवारणा.

हेतू आपल्याला दिसतो, परिणाम दुसऱ्याला

अंबलट्ठिका येथे भगवान बुद्धांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. मग त्यांनी त्याला शिकवले की कायेने, वाचेने आणि मनाने जे कर्म करायचे ते करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर नीट पाहावे. त्याने स्वतःला पीडा होते काय, दुसऱ्याला होते काय, दोघांनाही होते काय, हे तपासावे.

यातली दुसरी कसोटी लक्षात घ्या. मला पीडा झाली की नाही हे मला कळते. माझा हेतू चांगला होता हेही मला कळते. परंतु माझ्या शब्दाने समोरच्याला काय झाले, हे मी डोळे मिटून कितीही आत पाहिले तरी मला कळणार नाही. ते त्यालाच ठाऊक असते. म्हणून आत्मपरीक्षण हे अर्धेच परीक्षण होय. उरलेला अर्धा आरसा दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

मी शाळेत शिकवतो. फळ्यावर गणित सोडवून शिक्षक मागे वळतो आणि “समजले ना?” म्हणतो, तेव्हा सगळा वर्ग एका सुरात “हो सर” म्हणतो. या ‘हो’चा अर्थ समजले असा नसतो. तुम्ही सर आहात आणि तुम्हाला ‘हो’ हवे आहे, एवढाच त्याचा अर्थ. वह्या तपासायला घेतल्या की खरे उत्तर मिळते. आपल्या मंडळांच्या सभेत “मंजूर, मंजूर” असा जो आवाज उठतो, तोही पुष्कळदा या ‘हो सर’चा मोठा भाऊ असतो.

मौन म्हणजे एकी नव्हे

पवारणेचा नियम कसा आला, ही कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास केला. आपसात भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. तीन महिने कोणी कोणाशी बोलायचेच नाही. पावसाळा संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात भगवंतांकडे आले. वर्षावास सुखाने, एकोप्याने झाला काय, असे विचारल्यावर त्यांनी मोठ्या समाधानाने आपली युक्ती सांगितली. तथागतांनी त्यांना शाबासकी दिली नाही. अशा राहण्याला त्यांनी जनावरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहणे म्हटले. मग नियम घालून दिला. वर्षावास संपताना संघ एकत्र बसेल आणि प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करील की, माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर माझ्यावर अनुकंपा करून मला सांगा. मला दिसले तर मी ते सुधारीन. ही विनंती तीनदा करायची, आणि सर्वात वडील भिक्खूने ती सर्वांच्या आधी करायची.

या लहानशा नियमात किती शहाणपण आहे पाहा. पाहिलेले, ऐकलेले आणि शंका आलेले, असे तिन्ही विचारले आहे. पुरावा आणा आणि मगच बोला, अशी अट नाही. कारण मनात दबलेली शंकाच संघ पोखरते. विनंती तीनदा आहे. कारण पहिल्यांदा विचारल्यावर कोणीच बोलत नाही. आणि ज्येष्ठाने आधी विचारायचे आहे. कारण धाकट्याने थोरल्याचा दोष आपणहून काढावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. दार थोरल्यानेच उघडायचे असते.

आपण उपनगरात राहणारे लोक या परंपरेपासून दूर नाही. बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे सुमारे हजार वर्षे भिक्खू राहिले. अकराव्या लेण्यातील मोठ्या दालनात, ज्याला दरबार म्हणतात, जमिनीलगत लांब दगडी बैठका आजही आहेत. पावसाळ्यातल्या निवासासाठी कोरलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी आहेत. जिथे वर्षावास तिथे शेवटी पवारणा आलीच. आपण सहलीला जातो, छायाचित्रे काढतो आणि परततो. त्या दगडावर बसून वडीलधाऱ्या थेरांनी धाकट्यांपुढे हात जोडून आपले दोष विचारले असतील, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

ही रीत आली कोठून?

आता एक कडू गोष्ट. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना वर तोंड करून बोलू दिले नाही. बोलणाऱ्याला मार होता, बहिष्कार होता. गाव सोडून मुंबईला आलो, तर गिरणीत जॉबर होता, गोदीत आणि बांधकामावर मुकादम होता. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणेही त्याच्या हाती. शतकानुशतके पुढारी म्हणून आपण पाहिला तो पाटील आणि मुकादम. मग आपल्यापैकी एखाद्याच्या हाती अधिकार आला की त्याच्या तोंडून नकळत मुकादमच बोलू लागतो, आणि समोर बसलेल्यांच्या अंगात ते जुने मौन जागे होते. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणूनच तो दोष दिसत नाही.

नेतृत्वाच्या तीन रीती मला दिसतात. पहिली मुकादमाची: काम होते, पण तो पाठमोरा झाला की थांबते. दुसरी घरच्या वडिलांची: माया असते, पण धाकटे कधी मोठे होत नाहीत. तिसरी मार्गदात्याची. बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, असे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. मार्गदाता वाट दाखवतो. चालायचे ज्याचे त्याने. आपण यातले कोण आहोत, हे आपल्या भाषणावरून ठरत नाही. आपण नसताना काम चालते काय? आपल्या सभेत सर्वात तरुण मुलगा प्रश्न विचारतो काय? जयंतीला स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना वर्गणी कशी खर्च करावी हे कोणी विचारतो काय? पूर्वी येणारा आणि आता न येणारा माणूस का येत नाही, हे आपल्याला माहीत आहे काय? यावरून ते ठरते.

घरातही हेच आहे. नवदीक्षित कुटुंबात पुष्कळदा घरचा कर्ता एक दिवस देव्हारा उतरवतो आणि धर्मांतर झाले असे मानतो. बायकोला, म्हाताऱ्या आईला कोणी काही विचारलेले नसते. मग ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या घडीखाली एखादा टाक राहतो. दोष त्या माउलीचा आहे काय? जिला विचारलेच नाही, तिने नाही तरी कसे म्हणावे? हुकमाने देव भिंतीवरून उतरतो, मनातून उतरत नाही. धम्म समजून घेऊन स्वीकारायचा असतो, आणि समजून घेण्यात शंका विचारणे आलेच. ज्या घरात “मला अजून भीती वाटते” असे सासूला मोकळेपणी म्हणता येते, तिथे धम्माने पाऊल टाकले असे समजावे.

थोरांनी काय केले?

कोणी म्हणेल, पुढाऱ्याने असे दोष विचारले तर त्याचा वचक राहील काय? संयुत्तनिकायात याचे उत्तर आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंसमोर पवारणेच्या रात्री स्वतः भगवान बुद्धांनी विचारले की, माझ्या कायेच्या किंवा वाचेच्या आचरणात तुम्हाला काही निंद्य दिसते काय? सारिपुत्रांनी काही दिसत नाही असे सांगितले आणि लगेच स्वतःविषयी तोच प्रश्न भगवंतांना विचारला. ज्यांना सम्यक संबुद्ध म्हणतो त्यांनी विचारले. मग एका गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला विचारण्यात कमीपणा कसला?

बाबासाहेबांचेही उदाहरण घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली तेव्हा चवदार तळ्याविषयी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. लोक सत्याग्रहाला आतुर होते. पुढे काय करावे हा प्रश्न परिषदेपुढे मांडला गेला, दोन्ही बाजूंनी लोक बोलले आणि त्यानंतर सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. खटल्याचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध देशाला सावध केले. तो इशारा दिल्लीच्या सत्तेपुरता नव्हता. जिथे चार माणसे एकाला हार घालतात तिथे तो लागू आहे.

आणि जो ऐकतच नाही त्याचे काय? छन्न नावाचा भिक्खू होता. तो सिद्धार्थाचा सारथी. त्याचा त्याला मोठा गर्व. कोणी काही सांगितले की तो उलटून पडे. महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी त्याला ब्रह्मदंड द्यावा असे आनंदाला सांगितले. हा दंड कोणता? छन्नाने वाटेल ते बोलावे, भिक्खूंनी मात्र त्याच्याशी बोलू नये, त्याला सांगू नये, शिकवू नये. हे ऐकताच छन्न शोकाने कोसळला, आणि पुढे एकांतात साधना करून अर्हत झाला. बंधूंनो, विचार करा. आपल्याला कोणी काही सांगत नाही, हा संघातला भारी दंड होता. आणि आपल्यातला एखादा पुढारी तोच दंड स्वतःला लावून घेतो आणि त्याला मान समजतो!

ऐकावे कसे, सांगावे कसे

ऐकणाऱ्याने राग आवरावा. ब्रह्मजाल सुत्तात भगवंत सांगतात की, कोणी माझी, धम्माची किंवा संघाची निंदा केली तरी रागावू नका. रागावलात तर त्याचे बोलणे खरे की खोटे हेही तुम्हाला समजणार नाही. जे खोटे असेल ते खोटे म्हणून समजावून सांगा. म्हणजे प्रत्येक टीका शिरोधार्य माना असे नाही. ती आधी तपासा असे आहे. महामोग्गल्लानांनी अनुमान सुत्तात, ज्याला काही सांगणे अवघड अशा माणसाची लक्षणे दिली आहेत. सांगणाऱ्यावरच उलटणे, “तू कोण मोठा?” म्हणणे, विषय भलतीकडे नेणे, मनात डूख धरणे. ही लक्षणे वाचताना शेजाऱ्याचा चेहरा आठवतो. त्यावर मोग्गल्लानांचा उपाय असा की, असा माणूस मला आवडत नाही, तर मी असा झालो तर इतरांना कसा आवडेन, असे स्वतःवरून अनुमान करावे.

सांगणाऱ्यालाही विनयाने पाच अटी घातल्या आहेत. योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, मृदुपणे सांगावे, हिताचे असेल ते सांगावे आणि मैत्रीच्या चित्ताने सांगावे. सभेत गप्प बसून नंतर चहाच्या टपरीवर पुढाऱ्याची सालटी काढणे ही पवारणा नव्हे. निवडणुकीच्या आधी जुना हिशेब उकरणे हीही पवारणा नव्हे.

आपल्या विहारांतून वर्षावासात तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेला समारोप होतो, खीर वाटली जाते. त्याच दिवशी एक गोष्ट जोडावी, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षाने सर्वांआधी उभे राहावे आणि विचारावे. “माझे कसे चालले आहे?” असे मोघम विचारू नये, त्याला “छान” हेच उत्तर येते. नेमके विचारावे: “जयंतीचा हिशेब मी वाचला तेव्हा कोणाला प्रश्न विचारायचा राहिला काय? माझ्या बोलण्याने कोणी बैठकीला यायचे थांबले काय?” आधी तरुणांना आणि भगिनींना बोलू द्यावे. ज्याला सभेत धीर होत नाही त्याने एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्याजवळ सांगावे. अध्यक्षाने त्या दिवशी खुलासा करू नये. फक्त ऐकावे आणि लिहून घ्यावे. पुढच्या बैठकीत त्यातले खरे काय वाटले आणि कोणती एक गोष्ट आपण बदलली, हे सांगावे. मग चिटणीसाने, मग खजिनदाराने.

पहिल्या वर्षी कदाचित कोणीच बोलणार नाही. शतकांचे मौन एका पौर्णिमेला सुटत नसते. म्हणून तर विनंती तीनदा करायची आहे. धम्मपदात दोष दाखवणाऱ्याला पुरलेले धन दाखवणाऱ्याची उपमा दिली आहे. ज्या दिवशी विहारातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा उभा राहून म्हणेल, “अध्यक्षसाहेब, तुमचे हे चुकते,” आणि अध्यक्ष त्याला “बस खाली” न म्हणता “पुढे सांग बाळ” म्हणतील, त्या दिवशी आपल्या विहाराला ते धन सापडले असे समजा.

जयभीम.