लोखंड खरं, मग ठसा खोटा?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, तीन दृष्टान्त देतो. मातीचा गोळा, सोनं आणि लोखंडाची नराणी, म्हणजे नखं काढायचं हत्यार. प्रवचनकार पहिल्या दोहोंवर रंगून बोलतात आणि नराणीवरून भरकन पुढे जातात. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, म्हणून माझं मन त्या तिसऱ्या दृष्टान्तापाशीच थांबतं. एक नराणी कळली की लोखंडाच्या सगळ्या वस्तू कळल्या. आकार म्हणजे वाणीनं ठेवलेलं नाव, खरं ते लोखंड.

हे मी कित्येक वर्षं मानत आलो. स्कॉटलंडमध्ये डंडीला मुलीकडे गेलो असताना तो दृष्टान्त नव्यानं पारखावा लागला. जावयांनी जुन्या सामानाच्या दुकानातून गोल्फची एक लोखंडी काठी आणली आणि म्हणाले, “बाबा, लोखंड तुमचं. सांगा, ही किती जुनी आणि किती मोलाची?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काठीच देते, वाचता आलं पाहिजे. दांडा हिकरीचा, म्हणजे अमेरिकेतून येणाऱ्या चिवट लाकडाचा. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं पोलादी दांड्याला 1929 मध्ये परवानगी दिली, त्यामुळे तिथला लाकडी दांडा बहुधा त्याआधीचा. बहुधा म्हणतो, कारण पुढं लाकडासारखं दिसणारं वेष्टण चढवलेले पोलादी दांडेही निघाले. तिथं चुंबक लावून बघावं. दांडा ज्या नळीत बसतो तिच्या तोंडाला करवतीसारखे दाते पाडलेले होते आणि आडवी खीळ ठोकून दांडा पक्का केला होता. पातं गंजलेलं, म्हणजे साधं लोखंड. न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये 1913 मध्ये निघालं, गोल्फच्या काठ्यांत ते त्यानंतर आलं. चेंडूला लागणारी बाजू सपाट, रेघा नाहीत, हीसुद्धा जुनेपणाचीच खूण. पाठीवर तेल लावून पातं उन्हात तिरपं धरलं, तेव्हा चिलमीसारख्या छोट्या पाइपचा ठसा उमटून आला. ही खूण टॉम स्ट्युअर्टची. त्यानं 1893 मध्ये सेंट अँड्र्यूजमध्ये स्वतःची भट्टी सुरू केली. लेव्हनच्या जॉर्ज निकोलची खूण हाताचा पंजा, किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सनची चांदणी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या लोहारांची ही सहीच.

दुसरा प्रश्न अवघड. हे पातं पाव किलोच्या आसपास भरतं. आपल्याकडचा भंगारवाला त्याचे दहा रुपयेही देणार नाही. स्ट्युअर्टच्या भट्टीतून अशा काठ्या भरपूर निघाल्या, त्यामुळे साधी असेल तर वीस-तीस पौंडांतही मिळते. आणि 2007 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात चौकोनी टोकाची, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची मानली जाणारी एक लोखंडी काठी 1,51,000 डॉलरला गेली. तिन्ही ठिकाणी लोखंड ते लोखंडच. उद्दालकाचं म्हणणं खरं असेल, तर मधली सगळी किंमत कशाची? नुसत्या भ्रमाची?

मला तसं वाटत नाही. याचं उत्तर मला शंकराचार्यांच्या परंपरेत सापडतं. तिथं सत्तेच्या तीन पायऱ्या आहेत. ब्रह्म पारमार्थिक. घट, पट आणि आपला रोजचा संसार व्यावहारिक. दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक. साप दिवा आणताच नाहीसा होतो. घट तसा नाहीसा होत नाही, ब्रह्मज्ञान होईपर्यंत त्यात पाणी राहतं. लोक मिथ्या आणि खोटं यांत गल्लत करतात आणि नामरूपाला दोरीवरच्या सापाच्या पंक्तीला बसवतात. हा आचार्यांवर अन्याय आहे.

गोल्फपटू बॉबी जोन्सच्या ‘कॅलॅमिटी जेन’ या प्रसिद्ध पटरचं, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायच्या काठीचं, उदाहरण घ्या. स्पॉल्डिंग कंपनीनं त्याच नावानं, त्याच घाटाच्या प्रती विकल्या. प्रत म्हणून ती वस्तू पूर्ण प्रामाणिक आहे. तीच कुणी जोन्सच्या हातातली म्हणून विकली, तर तो साप. लोखंडात फरक नाही, आकारात फरक नाही. फरक आहे घडलेल्या गोष्टीत, आणि घडलेली गोष्ट कुणाच्या इच्छेनं बदलत नाही. म्हणूनच जुना ठसा नकली पंचानं मारणाऱ्याला ‘शेवटी सगळं लोखंडच’ असं म्हणून सुटता येणार नाही. परमार्थाच्या आडून व्यवहारातला खोटेपणा लपवणं, हे मला अध्यात्माच्या नावावर चालणारं सगळ्यात मोठं पाप वाटतं. ते गोल्फच्या बाजारापुरतं नाही, आपल्या मठा-मंदिरांच्या हिशेबातही चालतं.

दांडा बदलला असेल तर? मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनानं रथाबद्दल विचारलेला प्रश्नच हा. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? माझं म्हणणं साधं आहे. दांडा नवा असेल तर नवा आहे म्हणून सांगा आणि मोल त्या मानानं कमी धरा. काठी तीच की दुसरी, हा वाद मग शांतपणे कितीही चालू द्या.

टूलरूमच्या माणसाला गंज दिसला की हात शिवशिवतात. बफिंगच्या चाकावर ते पातं पाच मिनिटांत आरशासारखं झालं असतं. पण ठसा असतो केसभर खोल, आणि चाक आधी तोच खातं. लोखंड तेवढंच राहिलं असतं, उद्दालकाच्या हिशेबात काहीच उणं झालं नसतं. गेला असता तो फक्त एका लोहाराचा दिवसभराचा घाम, ज्याची दुसरी नोंद कुठंही नाही. मला तो पुसायचा अधिकार नाही, तुम्हालाही नाही.

तेव्हा घरात, माळ्यावर, कुणाच्या वारशात अशी काठी मिळाली, किंवा आजोबांचा अडकित्ता, पितळी कुलूप, काहीही मिळालं, तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. हलकं तेल लावलेलं मऊ फडकं फिरवा, तिरप्या उजेडात धरा आणि आधी ठसा वाचा. किंमत नंतर विचारा.