पश्चात प्रहर आणि साधकाचा संकल्प



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात आमचा मुक्काम असता एक वासनिक दंडवत घालून बसले. वय पन्नाशीपलीकडचे, घरी कपाशीची शेती. सूत्रपाठातील आचार प्रकरण मुखोद्गत करावे हा त्यांचा संकल्प. म्हणाले, "बाबा, तीन वेळा आरंभ केला. पहाटे चारला उठतो, पंधरा-वीस दिवस निभते, मग खंड पडतो. डोळे मंद होत चालले आहेत. दिसते आहे तोवर हे पदरात पडेल काय?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. पश्चात प्रहरी उठणे हा आम्हां भिक्षुकांचा नित्य परिपाठ. परंतु उठल्याने स्मरण घडतेच असे नव्हे. हातात स्मरणाची गाठी आणि चित्तात मठाच्या छपराचा खर्च, अशा कित्येक पहाटा आमच्या व्यर्थ गेल्या आहेत. शरीर जागे आणि संकल्प निजलेला, ही अवस्था झोपेहून बरी नव्हे. कारण झोपलेल्यास आपण साधन केले असा भ्रम तरी होत नाही.

ह्याच वर्ध्यातील एक गोष्ट आम्ही त्यांस सांगितली. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई ह्यांना गीता मराठीतून वाचावयाची होती. हाती आलेले भाषांतर त्यांना कठीण वाटले, तेव्हा तूच सोपी करून दे, असे त्यांनी पुत्रास सुचविले. मातोश्री १९१८ साली निवर्तल्या. मातेचा तो शब्द पुत्राच्या अंतःकरणात बारा वर्षे राहिला. पुढे ७ ऑक्टोबर १९३० रोजी, पहाटेची प्रार्थना आटोपल्यावर पाचच्या सुमारास, वर्ध्यास त्यांनी गीताई लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. सातशे श्लोक, चार महिने. सरासरी काढली तर दिवसाला पाच-सहा श्लोक. ह्यात अचाट असे काही नाही. अचाट आहे ती बारा वर्षांची धारणा. लेखणी हाती घेण्यापूर्वीच काय करावयाचे ते ठरून गेले होते. पहाटेने त्याला केवळ जागा दिली. आमचे बहुधा उलटे होते. आधी उठतो, आणि मग आता काय करावे, असा विचार करीत बसतो.

पंथाच्या परंपरेतही हेच दिसते. नागदेवाचार्य सर्वज्ञांच्या लीळांचे अखंड स्मरण करीत. ते पाहूनच म्हाइंभटांस त्या लिहून ठेवण्याची प्रेरणा झाली आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. ग्रंथ करावा म्हणून आचार्य स्मरण करीत नव्हते.

एवढे बोलून आम्ही त्या वासनिकांस विचारले, "खंड नेमका केव्हा पडतो?" ते थोडे घुटमळले. मग कळले की शेतपंपाची वीज आळीपाळीने येते. ज्या आठवड्यात ती रात्रीची असते, त्या आठवड्यात ते मध्यरात्री मोटर लावून पहाटेपर्यंत बांधावर असतात. परतल्यावर डोळा लागतो, आणि मोडलेला नेम पुन्हा धरण्याची लाज वाटते. आळसाचा दोष त्यांनी स्वतःच स्वतःस लावून घेतला होता, तो त्यांचा नव्हताच.

आम्ही म्हणालो, "दादा, घड्याळातील चार वाजणे हा आचार नव्हे. निजण्यापूर्वी एकच सूत्र वाचून ठेवा, दुसरे नको. दिवसाच्या विजेचा आठवडा असेल तर पहाटे उठून तेच म्हणा. रात्रीची वीज असेल तर पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळेपर्यंत बांधावर तेच म्हणा. तेथे पोथीही नको आणि डोळेही नकोत. मग घरी येऊन निःशंक झोपा. देह मोडून पाठांतर करण्यात वैराग्य नाही."

जाता जाता त्यांच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "बाबा, मी तर बावीस वर्षे चारलाच उठते, मला कोणी नेम विचारला नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. चुलीपुढच्या त्या प्रहरात नामस्मरण घडते काय, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "घडते, कधी भाकरी करपते."

मार्गशीर्षात त्यांचा निरोप आला. अकरा सूत्रे उभयतांची पाठ झाली आहेत. बाराव्यातील एका शब्दाचा अर्थ लागत नाही. तो विचारण्यास दोघेही येत्या रविवारी येत आहेत.