तिसरी प्लेट

मे महिन्यात विरारजवळच्या बोळिंजला दुपारी अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही, तिथे कॉम्प्युटर तरी थंड कसा राहावा? भाच्याचा कॉम्प्युटर दोन वाजले की धापा टाकायला लागायचा. पंखा घोंघावायचा, प्रोसेसर नव्वद अंशांवर जायचा आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करायचा. शेवटी रविवारी भाच्याने कॅबिनेट उघडलं, प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा हीटसिंक काढला आणि तो ताईच्या गॅलरीत मांडी ठोकून हीटसिंकचा तांब्याचा तळ घासायला बसला. खाली जाड काच, काचेवर ओला पॉलिश पेपर. आधी ४०० नंबरचा, मग ८००, १२००, शेवटी २०००.

ताई पोळ्या करता करता डोकावली. "चंदन उगाळतोयस का रे?"

"लॅपिंग म्हणतात याला, आई."

तो शब्द ऐकला आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. वसई पूर्वेला वालीवच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. विरारहून गाडी, वसई रोडला उतरून रिक्षा, आणि मग दिवसभर लोखंड सपाट करत बसायचं.

दिसायला कितीही गुळगुळीत असले तरी दोन धातू एकमेकांवर ठेवले की थोड्याच ठिपक्यांवर टेकतात. बाकी सगळी फट, आणि फटीत हवा. तांबं हवेच्या सुमारे १५ हजार पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे केसाएवढी हवा मध्ये राहिली तरी वरच्या एवढ्या तांब्याचा उपयोग बराच कमी होतो. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. ती हवेपेक्षा पुष्कळ बरी, पण तांब्याच्या जवळपासही नाही. तिचं काम फट बुजवण्यापुरतं. फट जितकी कमी, तितकी पेस्ट कमी लागते आणि उष्णतेला वाट मोकळी मिळते.

भाच्याने तळावर मार्करने उभ्याआडव्या रेघा मारल्या होत्या. दहा-बारा हात फिरवून त्याने तळ उलटा केला. कोपऱ्यांवरच्या रेघा पुसल्या होत्या, मधल्या जशाच्या तशा. म्हणजे मध्ये खोलगट. आम्ही कारखान्यात हेच निळ्या रंगावर करायचो. सरफेस प्लेटला, म्हणजे सपाटपणा तपासायच्या प्लेटला, निळ्याचा पातळ हात द्यायचा, त्यावर जॉब फिरवायचा, आणि जिथे निळं लागेल तिथला उंचवटा काढायचा.

तासाभरात तळ आरशासारखा झाला. भाच्याने मला त्यात माझाच चेहरा दाखवला.

"चकाकीवर जाऊ नकोस," मी म्हटलं. "तोंड चमच्यातही दिसतं."

"मग सपाट झालाय हे कळणार कसं, मामा?"

"काचेवरून. हल्लीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, म्हणून ती बऱ्यापैकी सपाट असते."

"आणि काच सपाट आहे हे कशावरून?"

हा प्रश्न इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थनेही धसास लावला होता. १८४० साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत त्याने खरा सपाट पृष्ठभाग कसा करायचा ते मांडलं. दोनच प्लेट एकमेकींवर जुळवत गेलं, तर त्या तंतोतंत जुळतील, पण सपाट असतीलच असं नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट, तरी जुळतातच. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची. फुगीर पहिलीशी जुळवलेली तिसरीही खोलगटच होणार. मग दुसरी आणि तिसरी अशा दोन खोलगट समोरासमोर आणल्या की चोरी पकडली जाते. तिघी एकमेकींशी, उभ्याआडव्या फिरवूनही जुळल्या, तरच तिघी सपाट.

काही हीटसिंकांचा तळ तर मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, प्रोसेसरवरच्या धातूच्या टोपीवर तो नीट बसावा म्हणून. उष्णतेला दोघांचं जुळणं पुरतं.

हे सगळं सांगत होतो तेव्हा ताई हात पुसत समोर येऊन बसली होती. मला आमची वाडी आठवली. बोळिंजमधल्या वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, त्यात आमची वडिलोपार्जित वाडीही गेली. त्या व्यवहारात आम्हा दोघा भावांचा एका शब्दानेही वाद झाला नाही. भाऊ असावेत तर असे, म्हणून लोकांनी कौतुक केलं. ताईकडे फक्त हक्कसोडपत्र घेऊन गेलो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ सालीच झाली होती, आणि ती आम्हाला ठाऊक होती. ताईने कागद न वाचता सही केली आणि वर आम्हाला चहा पाजला. आम्हा दोघांचं तंतोतंत जुळलं होतं. जी फट होती ती तिच्या मायेने बुजवली. कारखान्यात जन्मभर प्लेट तपासणाऱ्या माणसाने घरचं काम दोनच प्लेटवर उरकलं.

संध्याकाळी भाच्याने तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून हीटसिंक बसवला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. त्यातलं किती घासण्यामुळे, किती ताज्या पेस्टमुळे आणि किती जुनी धूळ झटकल्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण. प्रोसेसरची टोपीही घासू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं, वॉरंटी जाते.

घरात एखादी गोष्ट एकमताने ठरली की आपण समाधानाने हात झटकतो. त्या वेळी एवढंच बघावं, की ठरवताना कोण बसलं होतं आणि कोणाला नुसतं सहीसाठी बोलावलं. कागद व्हायचा असेल तर त्याआधी बहिणीला विचारा. झाला असेल, तर आता विचारा. मी उद्या ताईकडे जाणार आहे, धाकट्या भावाला सोबत घेऊन.